टो डॉलीवर गाडी ओढून नेताना : जोडणीपासून उतरवण्यापर्यंत

टो डॉली पहिल्यांदा बघणाऱ्याला ती अर्धवट सोडून दिलेल्या ट्रेलरसारखी वाटते. दोन चाकं, त्यांच्यामध्ये एक आडवा कट्टा, पुढे लांब दांडा, मागे दोन छोटे रॅम्प. गाडीची पुढची दोन चाकं कट्ट्यावर चढवायची, पट्ट्यांनी आवळायची आणि मागची दोन चाकं रस्त्यावर फिरू द्यायची. पूर्ण ट्रेलरपेक्षा ती हलकी असते, ठेवायला जागा कमी लागते, आणि रिकामी असेल तर दोन माणसं हातानं ढकलू शकतात. दोर बांधून केलेल्या टोचनापेक्षा तर ती कितीतरी भरवशाची, कारण मागच्या गाडीत कुणी बसावं लागत नाही आणि अंतर कायम राहतं.

पण ती दिसते तेवढी साधी नाही. या लेखात ओढणाऱ्या गाडीला ‘पुढची गाडी’ आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीला ‘मागची गाडी’ म्हणतो, म्हणजे दर वाक्यात घोळ होणार नाही.

दुसरा सांधा

साध्या ट्रेलरला एकच सांधा असतो, हिचच्या बॉलवर, म्हणजे पुढच्या गाडीच्या मागे बसवलेल्या जोडाच्या लोखंडी गोळ्यावर. डॉलीवर गाडी चढवली की सांधे दोन होतात. पहिला बॉलवर. दुसरा कुठे, हे डॉलीच्या बनावटीवर ठरतं. काही डॉल्यांचा कट्टा मधल्या खिळीवर फिरतो. तिथे मागच्या गाडीचं स्टिअरिंग सरळ ठेवून लॉक करायचं असतं, वळण कट्टा घेतो. काही डॉल्यांचा कट्टा पक्का असतो. तिथे वळताना मागच्या गाडीची पुढची चाकंच डॉलीबरोबर वळतात, म्हणजे त्या गाडीचं स्टिअरिंग हाच दुसरा सांधा झाला. ते लॉक राहिलं तर पहिल्या मोठ्या वळणाला पट्टे तरी ताणले जातील, नाहीतर स्टिअरिंगचं लॉक तरी मोडेल. ‘स्टिअरिंग लॉक करायचं की मोकळं ठेवायचं’ यावर माणसं हुज्जत घालतात, आणि दोघंही आपापल्या डॉलीपुरते बरोबर असतात. डॉलीवरचं स्टिकर किंवा तिचं मॅन्युअल हाच निकाल.

स्टिअरिंग मोकळं ठेवायचं असेल तर बऱ्याच गाड्यांत किल्ली एक घर फिरवून ठेवावी लागते. अशानं काही तासांत बॅटरी उतरते. मुक्कामाला पोचल्यावर गाडी स्टार्ट होत नाही आणि ती डॉलीवरून उतरवणार कशी, हा प्रश्न रात्री साडेदहाला पडतो. लांबचा प्रवास असेल तर जम्पर केबल जवळ ठेवा.

या दोन सांध्यांमुळेच भरलेली डॉली रिव्हर्स घेता येत नाही. लहान मुलांची खेळण्यातली आगगाडी पुढून ओढली की डबे सरळ रांगेत येतात, मागून ढकलली की दुसऱ्या-तिसऱ्या डब्याशी मोडते. इथेही तेच. ओढताना दोन्ही सांधे आपोआप सरळ होतात, ढकलताना दोन्ही दुमडतात, आणि दुसरा कोणत्या बाजूला दुमडेल हे तुमच्या हातात नसतं. ट्रेलर मागे घेण्यात वर्षानुवर्षं मुरलेले ड्रायव्हरही इथे हात टेकतात. चार-सहा फुटांतच डॉलीचा मडगार्ड मागच्या गाडीच्या पत्र्यात घुसतो. प्रवासाची आखणीच अशी करायची, की मागे जावं लागू नये.

कोणती गाडी चढवायची, कोणती नाही

गाडी बिघडण्याचे बहुतेक प्रकार या एका प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरातून होतात. नियम सोपा आहे : रस्त्यावर फिरणारी चाकं इंजिनाशी किंवा मोटरशी जोडलेली नसावीत.

फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी डॉलीसाठीच जन्मलेली. जी चाकं इंजिन फिरवतं ती हवेत, मागची चाकं नुसती घरंगळत जातात. गिअरबॉक्स मॅन्युअल असो की ऑटोमॅटिक, त्याला काही कळत नाही.

रिअर-व्हील ड्राइव्हची गोष्ट उलटी. मागची चाकं फिरली की डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरांची पेटी) फिरतो, डिफरन्शियलमुळे प्रोपेलर शाफ्ट फिरतो आणि शाफ्टमुळे गिअरबॉक्सचा मागचा भाग. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप साधारणपणे इंजिनच्या बाजूनं चालतो. इंजिन बंद असलं की आतले भाग कोरडेच फिरतात. ‘न्यूट्रलमध्ये टाकलीय, मग काय होतंय’ हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही न्यूट्रलला, इंजिन बंद असताना, तेल उडवणारा खालचा शाफ्ट स्थिर राहतो, आणि वरच्या फिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगला तेल मिळत नाही. थोड्या अंतराला निभावून जाईल, पन्नास-शंभर किलोमीटरला नाही. अशी गाडी न्यायचीच असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडवून न्या. सोडवताना जोडाच्या दोन्ही बाजूंना खडूनं किंवा रंगानं खूण करा, म्हणजे पुन्हा बसवताना शाफ्ट त्याच जागी बसेल आणि थरथर येणार नाही.

गाडी उलटी चढवून मागची चाकं कट्ट्यावर ठेवण्याची युक्तीही कुणीतरी सुचवतंच. त्यात पुढची चाकं रस्त्यावर उलट्या दिशेनं ओढली जातात, आणि ती सरळ धरून ठेवायला फक्त स्टिअरिंगचं लॉक असतं. ते लॉक चोरासाठी केलेलं आहे, तासन्‌तास रस्त्याचे धक्के खायला नाही. गाडीच्या आणि डॉलीच्या दोन्ही मॅन्युअलमध्ये तशी स्पष्ट परवानगी असल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी डॉलीवर घालू नये. पुढची चाकं थांबलेली, मागची फिरतायत, म्हणजे मधला डिफरन्शियल किंवा कपलिंग सारा वेळ हा फरक गिळत बसतं आणि तापून निकामी होतं. अशा गाडीला चारही चाकं वर घेणारा ट्रेलर किंवा फ्लॅटबेड (सपाट पाठीचा ट्रक) लागतो.

इलेक्ट्रिक गाडीत चाक फिरलं की बहुतेक वेळा मोटर फिरते, आणि फिरणारी मोटर वीज तयार करते. ती वीज आणि उष्णता गाडी बंद असताना कुठे जाणार, याची सोय असेलच असं नाही. मोटर मागच्या चाकांना असेल तर डॉलीचा विचारच सोडा. मोटर फक्त पुढच्या चाकांना असेल तर मॅन्युअलमधलं टोइंगचं पान शोधा. अनेक कंपन्या तिथे सरळ फ्लॅटबेडच सांगतात. हायब्रिड गाड्यांतही एक खोच आहे : काहींना मागच्या चाकांसाठी वेगळी छोटी मोटर असते, आणि बाहेरून ती कळत नाही.

शेवटचा अडथळा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक. इंजिन बंद केलं किंवा ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की काही गाड्यांत तो आपणहून लागतो. तो मागच्या चाकांवर असतो आणि मागची चाकंच रस्त्यावर असतात. न सुटलेला ब्रेक घेऊन निघालात तर काही किलोमीटरांत टायर घासून सपाट होतात आणि ड्रम किंवा डिस्क लाल. तो सोडवलेल्या अवस्थेत ठेवायची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ती घरी, उजेडात, एकदा करून बघा.

वजनाचा हिशेब

मागच्या गाडीचं रिकामं वजन, अधिक तिच्यातलं सामान, अधिक डॉलीचं वजन. ही बेरीज पुढच्या गाडीच्या ओढण्याच्या क्षमतेत बसली पाहिजे. ११०० किलोची गाडी आणि २५० किलोची डॉली म्हणजे १३५० किलो झाले. पुढच्या गाडीची क्षमता १५०० असेल तर वरकरणी दीडशे किलो शिल्लक दिसतात. मग मागच्या गाडीच्या डिकीत खोकी भरली, मागच्या सीटवर गाद्या टाकल्या, की ती शिल्लक संपली. मागची गाडी रिकामी ठेवणं बरं. डिकीतलं वजन मागच्या चाकांच्या मागे पडतं, त्यामुळे पुढची बाजू हलकी होते आणि सगळी गाडी डोलायला कारण मिळतं.

मॅन्युअलमध्ये बहुधा दोन आकडे असतात : ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर एक, नसतील तर दुसरा. दुसरा बराच लहान असतो, आणि बिनब्रेकच्या डॉलीला तोच लागू होतो. युरोपात ७५० किलोपेक्षा जास्त कमाल वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. इतर देशांत ही मर्यादा वेगळी असते, आणि डॉलीची नोंदणी, दिवे, वेग यांचे नियमही बदलतात. राज्य किंवा देश ओलांडायचा असेल तर दोन्हीकडचे नियम आधी बघून घ्या.

क्षमतेचे आकडे एकट्या गाडीलाच नसतात. हिचवर एक शिक्का असतो, बॉलवर एक, कपलरवर (दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) एक, डॉलीवर एक. यातला सर्वांत लहान आकडा ही तुमची मर्यादा. दोन टनांची गाडी आणि हलक्या सायकल-रॅकसाठी लावलेला हिच, ही जोडी मी स्वतः पाहिली आहे, आणि मालकाला आपण दोन टन ओढू शकतो याची खात्री होती.

आणखी एक कसोटी मला महत्त्वाची वाटते : पुढची गाडी मागच्या गाडीपेक्षा जड असावी, निसटती नाही, चांगली जड. कागदावरची क्षमता चढावर गाडी ओढली जाईल एवढं सांगते. ओल्या उतारावर अचानक ब्रेक दाबल्यावर कोण कुणाला ढकलेल, हे दोघांच्या वजनांवर ठरतं. कारवाँ ओढणाऱ्यांत नवख्यासाठी ८५ टक्क्यांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे : मागचं भरलेलं वजन पुढच्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. डॉलीलाही तो लावायला हरकत नाही. शंका असेल तर वजनकाट्यावर जाऊन या.

साधा ट्रेलर ओढणार असाल तर वजन किती याच्या जोडीला ते कुठे ठेवलंय हेही बघावं लागतं. सुमारे ६० टक्के सामान अॅक्सलच्या पुढे ठेवा आणि जड वस्तू खाली, अॅक्सलजवळ. मागे जड असलेला ट्रेलर पुढच्या गाडीची शेपूट उचलतो आणि मग साप वळवळावा तसा वळवळतो. डॉलीत ही निवड नसते. गाडीचं इंजिन जिथे असतं तिथेच वजन पडतं.

जोडणी

गाडी चढवण्याआधी डॉली पुढच्या गाडीला पूर्ण जोडलेली असलीच पाहिजे. न जोडलेल्या डॉलीच्या रॅम्पवर चाक चढलं की मागचा भाग खाली दबतो आणि पुढचा दांडा तराजूच्या पारड्यासारखा उसळून वर येतो. समोर कुणी उभं असेल तर हनुवटीच फुटायची.

सपाट आणि टणक जागा बघा. पुढे सरळ निघता येईल अशी. पुढची गाडी आणि डॉली एका रेषेत आणा.

बॉलचा आकार त्याच्या डोक्यावर कोरलेला असतो आणि कपलरवरही. दोन्ही जुळले पाहिजेत. जगात ५० मिलिमीटर, १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच असे बॉल चालतात. दोन इंची कपलर पावणेदोन-दोनच्या मधल्या त्या १ ७/८ इंची बॉलवर बसतो, लॅच लागतो, सपाट रस्त्यावर चालतोही. पहिल्या मोठ्या गचक्याला उडी मारून बाहेर येतो. फरक ३ मिलिमीटरचा आहे, डोळ्यांना दिसत नाही. शिक्का वाचा.

कपलर बसवून लॅच लावला, पिन घातली, की दांड्याखाली जॅक लावून थोडा वर उचलून बघा. पुढच्या गाडीची मागची बाजू दांड्याबरोबर वर आली तर पकड बसली. कपलर एकटाच वर आला तर तो बॉलवर नुसता टेकलेला होता. या चाचणीला मिनिट लागतं, आणि ती सोडून देणारे बरेच आहेत.

सेफ्टी चेन दोन, दांड्याच्या खालून एकमेकींना ओलांडून, फुलीच्या आकारात. कपलर सुटलाच तर दांडा या फुलीच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल ठेवा, पण जमिनीला घासणार नाहीत इतक्याच. फार लोंबत असतील तर कड्या पिळून आखूड करू नका, त्यानं साखळीची ताकद जाते. योग्य कडीत हुक घाला. डॉलीला ब्रेक असतील तर ब्रेकअवे केबलही असते, म्हणजे डॉली सुटली तर तिचे ब्रेक ओढणारी तार. ती गाडीच्या वेगळ्या भक्कम जागी अडकवा, सेफ्टी चेनच्या हुकात नको आणि सुटू शकणाऱ्या हिचच्या भागावर तर नकोच.

डॉलीचे टायर थंड असताना हवा तपासा. टायरच्या कडेवर तयार झाल्याचा चार आकडी कोड असतो. ३५२१ असेल तर २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. डॉली वर्षातून दोनदा निघते, त्यामुळे टायरची नक्षी नवीकोरी असते आणि रबर मात्र उन्हात बसून तडकलेलं. मला विचाराल तर मी नक्षीआधी ती तारीख बघतो. व्हील नट पान्यानं ताऱ्याच्या क्रमानं आवळा. जमल्यास टॉर्क पाना वापरा.

गाडी चढवणं

रॅम्प लावा, पुढच्या गाडीचा हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, तिच्या चाकांना ठोकळे लावा. मागची गाडी दूरवरूनच डॉलीच्या रेषेत आणा. रॅम्पच्या तोंडाशी येऊन स्टिअरिंग वळवत बसलात तर चाक कडेवर चढतं.

कमी उंचीच्या गाडीचा बंपर रॅम्पला आधी टेकतो. रॅम्पच्या तोंडाखाली दोन जाड फळ्या टाकून चढ सौम्य करा. बंपर टेकतोय का हे बाहेर उभा राहून बघणारं माणूस हवं, आणि ते बाजूला उभं हवं, दोन गाड्यांच्या मध्ये कधीही नको. पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, मुंगीच्या वेगानं चढा. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकवर पाय ठेवून. चाकं कट्ट्यावरच्या अडसराला टेकली की थांबायचं. जोरात गेलात तर अडसर ओलांडून गाडीचं पोट डॉलीवर बसतं, मग क्रेनच बोलवावी लागते. दोन्ही चाकं कट्ट्याच्या मधोमध आहेत का ते उतरून बघा. एक चाक बोटभर बाहेर असेल तर गाडी उतरवून पुन्हा चढवा. पट्ट्यानं ओढून सरळ होईल अशी आशा धरू नका.

उतरण्याआधी खिडकीची काच खाली घ्या. बऱ्याच डॉल्यांवर चढल्यावर ड्रायव्हरचा दरवाजा मडगार्डला अडतो. कुठली गाडी कुठे अडेल सांगता येत नाही. दरवाजा अर्धाच उघडला आणि पोटाच्या घेरामुळे खिडकीतून बाहेर पडावं लागलं, असं आमच्यातल्या एकावर आलं होतं आणि त्याचे फोटो अजून फिरतात. किल्ली खिशात ठेवा, काही गाड्या आपणहून लॉक होतात.

गाडी चालू होत नसेल तर विंच (तार गुंडाळून ओढणारं यंत्र) वापरा. माणसांनी ढकलून रॅम्पवर चढवायला जाऊ नका. गाडी मागे घरंगळली तर पळायला वेळ मिळत नाही.

पट्टे

डॉलीचा पट्टा टायरला टोपलीसारखा लपेटतो आणि रॅचेटनं, म्हणजे एकाच दिशेनं फिरणाऱ्या दातेरी हँडलनं, आवळला जातो. तो टायरवर मधोमध, सपाट बसला पाहिजे. ब्रेकचा होज, सेन्सरची वायर, बंपरची कड यांतल्या कशालाही तो लागत असेल तर जागा बदला. आधी पट्ट्याची तपासणी : कडेला कापलेला, उन्हानं रंग उडून कडक झालेला, शिवण उसवलेली, काहीही दिसलं तरी तो पट्टा बाद. त्याला गाठ मारून चालवणं हा पैसे वाचवण्याचा चुकीचा रस्ता आहे.

रॅचेट डावा-उजवा आलटून-पालटून आवळा, एकच बाजू पूर्ण आवळली की चाक तिकडे सरकतं. टायर किंचित दबलेला दिसेपर्यंत ताण द्या. हँडल पूर्ण बंद करून लॉक करा आणि उरलेला पट्टा गुंडाळून बांधा. मोकळा पट्टा वाऱ्यावर फडफडतो, चाकाखाली जातो आणि एका क्षणात सगळं रॅचेट उचकटतो.

पट्ट्यांशिवाय एक साखळी डॉलीपासून मागच्या गाडीच्या भक्कम भागाला, टो हुकला किंवा चॅसिसला लावतात. ती पट्टे तुटलेच तर गाडी डॉलीवरून घसरू नये यासाठी असते, ताणून लावायची नसते.

आता मागची गाडी : हँडब्रेक सोडा, गिअर डॉलीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा, स्टिअरिंग वर सांगितल्याप्रमाणे. रॅम्प काढून पक्के बांधा. मागच्या गाडीच्या पोटाखाली हात घालून बघा. पुढची बाजू उचलली गेल्यामुळे मागचा बंपर आणि सायलेन्सर जमिनीच्या जवळ आलेले असतात.

दिवे

डॉलीचे स्वतःचे दिवे मागच्या गाडीखाली झाकले जातात. त्यामुळे टेल लॅम्प, ब्रेक आणि इंडिकेटर मागच्या गाडीच्या मागे दिसले पाहिजेत. चुंबकावर चिकटणारा लाइट बोर्ड सर्वांत सोपा. त्याची वायर गाडीवरून नेताना दरवाजाच्या फटीत किंवा चाकाजवळ लोंबू देऊ नका. इंडिकेटर दिल्यावर ब्रेक लाइट मंद लुकलुकला किंवा सगळेच दिवे विचित्र वागू लागले, तर बहुतेक वेळा अर्थिंग सैल असतं. बल्ब बदलण्याआधी अर्थची वायर घासून पुन्हा आवळा. एका माणसाला मागे उभं करून प्रत्येक दिवा बघून घ्या.

रस्त्यावर

निघाल्यावर पाच ते दहा किलोमीटरनी थांबा. हे थांबणं टाळू नका. टायर पट्ट्याच्या टोपलीत बसतो, सस्पेन्शन खालीवर होतं, आणि घट्ट वाटलेला पट्टा दोन-तीन खटके सैल निघतो. मी आजवर एकदाही या पहिल्या थांब्यावर रॅचेट न आवळता पुढे गेलेलो नाही. दरवेळी थोडं तरी आवळावं लागतंच. पुढे साधारण दर ८० ते १०० किलोमीटरनी आणि प्रत्येक चहाच्या थांब्याला एक फेरी : पट्टे, चेन, लॅच, दिवे, टायर. हबजवळ हात न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक असा प्रकार आहे. हात थेट टेकवू नका, भाजतं. चाक बदललेलं असेल तर पहिल्या ८० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

वेग ८० किलोमीटरच्या आसपास, नियम त्याहून कमी सांगत असेल तर तेवढा. हा आकडा भित्र्यांसाठी नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, ८० वरून १०० ला गेलात तर थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. ब्रेक मात्र तेच, आणि बिनब्रेकची डॉली असेल तर ते सगळं ओझं एकट्या पुढच्या गाडीच्या ब्रेकवर. पुढच्या वाहनाशी नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट अंतर ठेवा.

वळणावर मागच्या गाडीची मागची चाकं तुमच्या चाकांच्या बरीच आतून कापत जातात. कोपऱ्यावरचा दगड, खांब किंवा सायकलवाला यांना ती आधी गाठतात. वळण घेताना थोडं पुढे जाऊन, मोठा घेर घेऊन वळा. अगदी तीव्र कोनात वळू नका, कारण डॉलीचा मडगार्ड मागच्या गाडीच्या पत्र्याला टेकण्याचा कोन अपेक्षेपेक्षा लवकर येतो. गतिरोधकावर चालण्याच्या वेगानं जा आणि मागची गाडी उतरेपर्यंत वेग वाढवू नका.

उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. उतारावर मधे गिअर बदलायचा प्रसंग आला तर उशीर झालेला असतो. सारा वेळ ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून पेडल मऊ पडतं. मधून मधून, ठरवून, पक्का दाब द्या आणि सोडा.

मागचा टायर पंक्चर झाला तर पुढे बसून कळत नाही. डॉलीचा टायर चिंध्या होईपर्यंत गाडी ओढली जाते. आरशात धूर, तुकडे किंवा एका बाजूला झुकलेली मागची गाडी दिसते का, हे बघायची सवय लावा. मागची गाडी रुंद असेल तर बाहेर येणारे जास्तीचे आरसे लावा. डॉलीच्या मापाचं स्टेपनी चाक आणि डॉलीखाली बसेल असा जॅक जवळ हवा. पुढच्या गाडीचा जॅक तिथे चालेलच असं नाही.

डोलायला लागली तर

जोराचा आडवा वारा, बाजूनं सुसाट गेलेला ट्रक, कमी हवा, जास्त वेग, यांपैकी कशानंही मागचं धूड डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतं. अशा वेळी अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरा, आणि वेग आपोआप उतरू द्या. झोक्याच्या उलट स्टिअरिंग मारायचा मोह होतो. तुमची प्रतिक्रिया दरवेळी अर्धा क्षण उशिरा पोचते आणि झोक्यात भरच घालते. ब्रेक करकचून दाबला तर मागची गाडी पुढच्या गाडीला ढकलून आडवी करते. वेग वाढवून ‘सरळ करून घेतो’ म्हणणारेही भेटतात, त्यांचं ऐकू नका. गाडीत ट्रेलर ब्रेकचं वेगळं हँडल असेल तर तेवढं हलकेच दाबता येतं, ते मागून लगाम ओढल्यासारखं काम करतं. सावरल्यावर बाजूला थांबून कारण शोधा. त्याच वेगानं पुन्हा निघालात तर तेच पुन्हा होईल.

अडकलात तर

पेट्रोल पंप, पार्किंग, अरुंद गल्ली, कुठेही शिरण्याआधी बाहेर पडायचा रस्ता समोर दिसला पाहिजे. पंपावर कडेचा, सरळ पुढे निघता येईल असा डिस्पेन्सर निवडा.

तरीही बंद गल्लीत गेलातच तर मागे घेण्याची खटपट न करता सरळ गाडी उतरवा. पट्टे सोडा, मागची गाडी रिव्हर्समध्ये खाली घ्या आणि बाजूला लावा. डॉली हिचवरून काढून हातानं फिरवा, पुढची गाडी वळवा, डॉली जोडा, गाडी पुन्हा चढवा. अर्धा तास जातो. सपाट जागी, दोन माणसं असतील तर हे सहज जमतं. उतारावर मात्र डॉली हातात येताच पळते, तिथे मदत मागवा. रिकामी डॉली थोडी मागे घेता येते, पण ती इतकी आखूड असते की आरशात दिसेपर्यंत ती दुमडलेली असते. मागे एक माणूस उभा करा आणि इंचाइंचानं घ्या.

रिकाम्या डॉलीची आणखी एक खोड म्हणजे ती खड्ड्यांवर उड्या मारते. पट्टे, रॅम्प, साखळ्या सगळं बांधलेलं नसेल तर वाटेत पडत जातं. मागे असलेल्याच्या काचेवर ते पडेल.

उतरवणं

पुन्हा सपाट जागा, डॉली पुढच्या गाडीला जोडलेलीच, पुढच्या गाडीचा हँडब्रेक वर. आधी मागच्या गाडीच्या मागच्या चाकांना ठोकळे लावा, तिचा हँडब्रेक ओढा, गिअर किंवा पार्कमध्ये टाका. मगच पट्ट्यांना हात लावा. ताणलेलं रॅचेट सुटताना हँडल झटक्यानं येतं. बोटं त्याच्या वाटेत ठेवू नका आणि चेहरा वरून आणू नका. डॉलीपासून मागच्या गाडीला लावलेली साखळी सर्वांत शेवटी सोडा. ती विसरून रिव्हर्स घेणारे आहेत, आणि बंपरचं जे होतं ते पाहवत नाही.

रॅम्प लावा, ठोकळे काढा, स्टिअरिंग सरळ करून हळू मागे उतरा. पुढची चाकं जमिनीला टेकेपर्यंत ब्रेकवर पाय हवा. उतरल्यावर पट्टे ओले असतील तर वाळवून, रॅचेटला तेलाचा थेंब देऊन, उन्हापासून दूर ठेवा. डॉली उघड्यावर उभी राहणार असेल तर टायरवर काहीतरी झाका आणि दांड्याखाली ठोकळा द्या.